थोरल्या भावाच्या गावाला

आमच्या सिल्वाशाला पायी नसले, तरी मोठ्या भक्तिभावानं येणारे यात्रेकरू दर शनिवारी असतात. गुजरातेत दारूबंदी, आमच्याकडे मोकळीक. त्यामुळे वापीकडून, वलसाडकडून गाड्या येतात, दर्शन होतं, आणि रविवारी संध्याकाळी मंडळी जड डोळ्यांनी परतीला लागतात. अशा गावातून माळकऱ्यांची दिंडी निघते म्हटल्यावर आमचे पुण्याचे नातेवाईक आधी हसतात आणि मग विचारतात, ‘‘पंढरपूरला? तिथून?’’ पंढरपूरला नव्हे. त्र्यंबकेश्वराला, पौषात, निवृत्तिनाथांच्या यात्रेला.

ही यात्रा पौष वद्य एकादशीला भरते. इंग्रजी तारखेनं कधी जानेवारीच्या मध्यावर, कधी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. चहूबाजूंनी दिंड्या त्र्यंबकात येतात. पण आषाढीची सर तिला नाही. टीव्हीवाले येत नाहीत, गोल रिंगणाचं आकाशातून चित्रण नाही. थोरल्या भावाचं हे असंच असतं. आईबापांमागं धाकट्यांना सांभाळायचं, ज्ञानदेवाला उपदेश द्यायचा, गीतेवर लिही म्हणून त्याच्या मागं लागायचं, आणि नाव मात्र धाकट्याचं व्हायचं. १२९६ मध्ये ज्ञानदेवांनी आळंदीत समाधी घेतली, पाठोपाठ सोपानदेव आणि मुक्ताबाई गेल्या. सगळ्यांना पोचवून झाल्यावर १२९७ मध्ये थोरल्यानं त्र्यंबकात डोळे मिटले. आमच्या घरी मी थोरला. त्यामुळे या विषयावर मी गरजेपेक्षा जास्त बोलतो, असं आमच्या मंडळींचं मत आहे.

दिंडीचा पसारा मोठा नाही. एक पताका, एक वीणा, एक पखवाज, जमतील तेवढे टाळ, आणि मागं सामानाचा टेम्पो. माणसं मात्र सिल्वाशाला शोभतील अशी मिसळीची. वारली आणि कोकणा शेतकरी, कारखान्यांच्या मागोमाग धुळे-जळगावाकडून आलेली कुटुंबं, साताऱ्याकडचे एक शिफ्ट सुपरवायझर, कचेरीतून निवृत्त झालेला मी, आणि ‘फक्त खानवेलपर्यंत येतो’ म्हणून निघणारे नि दरवर्षी थेट त्र्यंबकात प्रसाद घेऊनच परतणारे एक गुजराती काका. त्यांना हरिपाठ तोंडपाठ आहे, पण मराठीतून भाजीचा भाव करता येत नाही.

गाणाऱ्यांनी पायी चालणं आमच्या गावाला नवं नाही. १९५४ च्या पावसाळ्यात ज्या तरुणांनी पोर्तुगिजांकडून हा मुलूख सोडवला, त्यांच्यात संगीतकार सुधीर फडके होते, बाबासाहेब पुरंदरे होते; लता मंगेशकरांनी पुण्यात कार्यक्रम करून मोहिमेला पैसा उभा करून दिला होता. २ ऑगस्टला सिल्वासा मोकळं झालं. ते गावात आले, आम्ही गावातून निघतो, एवढाच फरक. आणि आमचा सूर फडक्यांसारखा लागत नाही.

पहिला दिवस फसवा असतो. सुरुवातीला कारखाने, ट्रक, धूळ; मग झाडी सुरू होते आणि खानवेलपर्यंतचा वीसेक किलोमीटरचा रस्ता इतका गुळगुळीत, की प्रत्येकाला आपण जन्मजात वारकरी आहोत असं वाटू लागतं. नवीन बूट घातलेले सगळ्यांच्या पुढं असतात. रबरी चपला घातलेले मागं, गप्पा मारत. ही रांग तिसऱ्या दिवशी नेमकी उलटी होते.

रांगेचं सांगायचं तर दिंडीत कोणी कुठं चालायचं हे ठरलेलं आहे. पताका पुढं, मग टाळकऱ्यांच्या ओळी, मधे पखवाज, आणि टाळकऱ्यांच्या मागं वीणा. वीणेमागं तुळस डोक्यावर घेतलेल्या बायका. वीणेकरी मागून चालतो, पण अभंग कोणता घ्यायचा, केव्हा संपवायचा, कुठं थांबायचं, हे त्याच्या हातात. आमचे वीणेकरी एक कोकणा गृहस्थ. पावसाळ्यात भात आणि नागली, उरलेल्या वर्षात एका कारखान्यात कंत्राटावर माल चढवणं-उतरवणं. कारखान्यात त्यांना कोणी नावानं हाक मारताना मी ऐकलेलं नाही. ‘ए’ म्हटलं की भागतं. त्याच कारखान्यातले आमचे सातारकर सुपरवायझर. दिंडीसाठी रजा मागायला वीणेकरी त्यांच्याकडे गेले तेव्हा साहेबांनी कागदावरून मान वर न करता उत्तर दिलं होतं, ‘‘बघू.’’

आता खानवेल सोडून चढ लागला. साहेबांच्या डाव्या टाचेला फोड. उन्हं वर आलेली, चहाचा पत्ता नाही. दोन अभंग साहेबांनी सोसले आणि मग टाळ वाजवत वाजवतच मागं सरकत विचारलं, ‘‘माऊली, विसावा कुठं घ्यायचा?’’ वीणेकऱ्यांनी डोळे मिटलेले होते. ते न उघडताच म्हणाले, ‘‘बघू.’’

यात सूड नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. पुढच्या वळणावर काय आहे ते त्यांना खरोखरच बघायचं होतं. पण माझ्या शेजारचे टाळकरी त्यानंतर बराच वेळ तालाला सोडून वाजवत होते.

वीणा जमिनीवर ठेवायची नाही, हा नेम. वीणेकऱ्यांना आडोशाला जायचं झालं तर ती दुसऱ्याच्या गळ्यात द्यावी लागते, आणि देणाऱ्यानं-घेणाऱ्यानं एकमेकांच्या पायांवर डोकं ठेवायचं. एकदा जवळ साहेबच होते. वीणेकरी त्यांच्या पाया पडले. याची साहेबांना सवय असावी, ते तसेच उभे राहिले. मग मागून कोणीतरी खाकरलं. साहेब वाकले. गुडघ्याचा आवाज मला ऐकू आला. परत येऊन वीणा घेताना पुन्हा तेच. त्या दिवशी वीणेकऱ्यांच्या पोटात काही बिघाड होता, त्यामुळे साहेबांचा व्यायाम चांगला झाला.

फोडांचा विषय निघालाच आहे, तर दिंडीत फोड आलेल्या माणसानं तो लपवावा हे उत्तम. एकदा कळलं की चार वैद्य जमतात. एक सुईतून दोरा ओवून फोडातून आरपार काढायला सांगतो, म्हणजे पाणी झिरपून जातं. दुसरा हळद आणि खोबरेल. तिसरा टूथपेस्ट. चौथा म्हणतो काही करू नका, चालत राहा, चालण्यानं आला तो चालण्यानंच जाईल. चौथ्याचं ऐकावं, कारण त्याच्या उपचारात कोणी तुमचा पाय मांडीवर घेत नाही.

सीमा कुठं ओलांडली हे आम्हाला सहसा कळत नाही. सिल्वाशाच्या माणसाला सीमेचं अप्रूपही नाही. दादरा एकीकडे, नगर हवेली दुसरीकडे, मधे गुजरातची पट्टी. वर नगर हवेलीच्या पोटात मघवाल नावाचं गुजरातचं एक गाव बसलेलं. भाजी आणायला निघालेला माणूस चुकून परराज्यात जाऊन येतो. महाराष्ट्र आल्याची खूण एकच, गुजराती काका एकाएकी गप्प होतात आणि पाटी वाचायचा सराव सुरू करतात.

यापेक्षा मला दुसरी एक सीमा महत्त्वाची वाटते, आणि तिच्यावर पाटी नाही. आमची दमणगंगा नाशिक जिल्ह्यात, दिंडोरी तालुक्यात उगम पावते आणि घाट उतरून, सिल्वाशावरून दमणच्या समुद्राला मिळते. गोदावरी त्याच सह्याद्रीत, त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि पाठ फिरवून १४६५ किलोमीटर पूर्वेला, बंगालच्या उपसागराकडे निघते. म्हणजे माथ्यावर पडलेल्या पावसाच्या थेंबानं कोणत्या समुद्राला जायचं हे वीतभर अंतरावर ठरतं. सिल्वासा समुद्रसपाटीपासून जेमतेम तीसेक मीटर वर, त्र्यंबक सातशेच्याही वर. पश्चिमेचं पाणी पूर्वेकडे वळवायच्या योजना वर्षानुवर्षं कागदांवरून वाहत आहेत. आम्ही डबे-वळकट्यांसह दरवर्षी चढून जातो, आणि आमचा अहवाल कोणी मागत नाही.

जव्हारपासून पुढं थंडी सुरू होते. मुक्काम आश्रमशाळेच्या ओसरीवर किंवा देवळात. पहाटे काकड्याला उठायचं म्हणजे आधी अंगावरच्या पांघरुणाची समजूत घालावी लागते. या भागात अंतर विचारू नये. फोन एक आकडा सांगतो, मैलाचा दगड दुसरा, आणि कुडाच्या घरापुढं बसलेली आजी हनुवटीनं समोरचा डोंगर दाखवून ‘ते काय, तिथंच’ म्हणते. आजीचं खरं मानून चालावं. निदान चालण्याची उमेद टिकते. पुढं मोखाड्याच्या डोंगरांत फोनची रेंजही जाते. ती गेली आणि आमच्या दिंडीत एकदम नवे टाळकरी वाढले. इतके दिवस ते पावलं मोजत होते.

पौषात इथली गावं अर्धी रिकामी असतात. भात-नागलीची कामं उरकली, दिवाळी झाली, की धडधाकट माणसं जगायला जातात. भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर, पोराबाळांसकट. पाऊस जवळ आला की परततात. घरी उरतात म्हातारी आणि शाळेत जाणारी काही मुलं. आणि हीच म्हातारी माणसं दिंडी दिसली की पुढं येतात. कोणी पाणी, कोणी काळा चहा, कोणी नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी. आमचा टेम्पो मागून रव्याच्या लाडवांचे डबे घेऊन येतोय, हे त्यांना दिसत असतं. तरी देतात. मी एका बाबांना पैसे द्यायला गेलो, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पाकीट परत ठेवायच्या निमित्तानं बराच वेळ खिसा शोधत राहिलो. वीणेकरी मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘‘दादा, वाढलेलं खायचं. बस.’’ घ्यायला शिकणं हे द्यायला शिकण्यापेक्षा अवघड आहे, निदान पगारदार माणसाला. पेन्शनराला तर फारच.

वाटेत उपासाचा दिवस आला तेव्हा आमच्या स्वयंपाकाच्या मावशींनी मोठ्या सोवळ्यानं भगर टाकली. मावशी चोपड्याच्या, शिस्तीच्या. त्यांनी शेजारच्या घरात विचारलं, ‘‘वरई चालते ना तुमच्याकडे उपासाला?’’ त्या घरची सून आश्चर्यानं म्हणाली, ‘‘आम्ही रोजच खातो.’’ मग तिनं विचारलं, ‘‘तुम्ही शेंगदाण्याची आमटी, तूप, बटाट्याची भाजी, हे सगळं उपासालाच खाता?’’ मावशींनी ‘हो’ म्हटलं. ती हसली नाही, ही तिची सज्जनता.

तोरंगणच्या घाटात आमची एक तुकडी चुकली. जवळचा रस्ता म्हणून पायवाटेनं गेले आणि दुपारपर्यंत पत्ता नाही. दिंडीप्रमुख हवालदिल. मला मात्र काळजी वाटेना. परंपरेनं सांगितलेली गोष्ट अशी, की विठ्ठलपंतांचं कुटुंब ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करत असताना वाघ आडवा आला, पांगापांग झाली, आणि लहानगा निवृत्ती रस्ता चुकून एका गुहेत शिरला. तिथं गहिनीनाथ बसले होते. निवृत्तीला तिथं उपदेश मिळाला, त्यानं तो ज्ञानदेवाला दिला, आणि तिथून पुढचं सगळं आपल्याला ठाऊक आहे. हे मी प्रमुखांना समजावून सांगितलं, की आपल्या संप्रदायाची सुरुवातच वाट चुकलेल्या पोरापासून आहे. ते म्हणाले, ‘‘माऊली, त्यांच्याकडे भांडी आहेत.’’

भांडी आणि माणसं दोन्ही संध्याकाळी सापडली. गुहा कोणाला लागली नव्हती, पण एका लग्नघरात जेवण मिळालं होतं.

त्र्यंबकाबद्दल फार लिहीत नाही. सगळ्या वाटांनी दिंड्या येत असतात, समाधीच्या दर्शनाची रांग गल्ल्यांतून वळत जाते, कुशावर्तावर थंड पाण्यानं किंकाळ्या उठतात. चार दिवस आपण ज्यांना ‘आपली दिंडी’ म्हणत होतो ती माणसं त्या गर्दीत क्षणात विरघळतात आणि प्रत्येकाला आपापली पिशवी आठवते. साहेबांनी रांगेतूनच शिफ्टच्या माणसाला फोन लावला. आम्ही कळसाला हात जोडून घेतले, काहींनी मुखदर्शन घेतलं. देवाशी बोलण्यासारखं माझ्याकडे फारसं उरलं नव्हतं. वाटेत बरंच बोलून झालं होतं.

परतीचा प्रवास टेम्पोतून. चालत चढलेला घाट तासाभरात मागं पडतो हे पाहणं थोडं अपमानाचं असतं, म्हणून सगळे झोपेचं सोंग घेतात किंवा हिशेब काढतात. आमच्याकडे हिशेबाची वही वीणेकऱ्यांकडे असते, कारण त्यांचं अक्षर चांगलं आणि त्यांच्याशी वाद घालायला कोणी धजत नाही. डिझेल, गूळ, शेंगदाणे, तेल, अमृतांजनच्या बाटल्या, सगळं जुळलं. गव्हाचं पीठ जुळेना. मावशींचं म्हणणं, माणसं मोजून पोळ्या केल्या, पाच किलो उरायला हवं होतं. संशय आधी गुजराती काकांच्या भुकेवर गेला. काका जागे होऊन रामकृष्णहरी म्हणाले आणि परत झोपले. मग सगळ्यांच्या माना हळूहळू पखवाजवाल्याकडे वळल्या. पखवाजाच्या डाव्या पुडीला प्रत्येक भजनाआधी भिजवलेली कणीक लावावी लागते, त्याशिवाय घुमार येत नाही. आणि थंडीत, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, ‘जरा जास्त’ लागते.

‘‘जरा जास्त म्हणजे पाच किलो?’’ मावशींनी विचारलं.

जव्हार मागं पडलं तरी वाद चालूच होता. साहेबांचं मत पडलं की हा कच्चा माल धरावा, खाण्याचा खर्च नव्हे. वीणेकऱ्यांनी पेन्सिल कानामागून काढली, थोडा विचार केला, आणि पाच किलो पीठ देणग्यांच्या पानावर लिहिलं.