भरवशाच्या विजेला टोणगा

28 एप्रिल 2025. भर दुपारी साडेबाराच्या सुमारास स्पेन आणि पोर्तुगाल एका झटक्यात बंद पडले. गाड्या रुळांवर, माणसं लिफ्टमध्ये. आपल्याकडे संध्याकाळच्या चहापर्यंत व्हॉट्सॲपवर चौकशी पूर्ण झाली आणि आरोपीही सापडला.

सूर्य!

पुढे जूनमध्ये स्पेन सरकारचा अहवाल आला. व्होल्टेज आटोक्यात राहिलं नाही. ते सांभाळण्याची जबाबदारी ज्या नेहमीच्या वीजकेंद्रांवर होती, त्यांनी ती पुरती पार पाडली नाही आणि मग सौर प्रकल्पही पटापट बाहेर पडले. म्हणजे दोघंही गुन्हेगार. पण अहवाल वाचायला वेळ कुणाला आहे? निकाल लागून गेला होता.

आपला अनुभव काय सांगतो? 30 आणि 31 जुलै 2012. लागोपाठ दोन दिवस ग्रिड कोसळली, दुसऱ्या दिवशी तर साठ कोटींहून जास्त लोकांची वीज गेली. तेव्हा देशात सौरवीज ताटातल्या लिंबाच्या फोडीएवढी होती. 12 ऑक्टोबर 2020 ला मुंबई थांबली, लोकल जागच्या जागी. राज्याला सायबर हल्ल्याचा संशय आला, केंद्र म्हणालं मानवी चूक. सूर्याचं नाव कुणी घेतलं नाही, हे त्याचं नशीब.

कोळसावाले म्हणतात, आमची वीज भरवशाची. मग 2022 च्या उन्हाळ्यात प्रवासी गाड्या रद्द करून कोळशाच्या मालगाड्या कुणासाठी पळवल्या? आणि 2013 च्या दुष्काळात परळीचं औष्णिक केंद्र बंद का पडलं? कोळसा जाळून वाफ करायची तर पाणी लागतं, आणि पाणी नव्हतं. भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात तो हाच.

आता टाळ्या वाजवणाऱ्या सौरभक्तांनी जरा थांबावं.

जुलै 2025 मध्ये जाहीर झालं, देशाच्या वीजक्षमतेतला निम्मा वाटा आता बिगर-जीवाश्म स्रोतांचा. पाच वर्षं आधीच उद्दिष्ट गाठलं! खरंच आहे. फक्त ही झाली क्षमता. प्रत्यक्षात तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अजून सत्तर टक्क्यांच्या आसपास. पोस्टरवर मेगावॉट छापतात, बिलावर युनिट.

सूर्य संध्याकाळी घरी जातो. आपण संध्याकाळी घरी येतो. दिवे, टीव्ही, एसी, मिक्सर सगळं तेव्हाच सुरू. या साध्या भांडणावर कितीही परिसंवाद घ्या, दोघांपैकी एकही वेळ बदलणार नाही.

पवनचक्क्यांचं आणखी निराळं. साताऱ्यात चाळकेवाडीच्या पठारावर त्या पावसाळ्यात जीव तोडून फिरतात. तेव्हा शेतकऱ्याचा पंप बंद असतो. मार्चमध्ये पंप हवा, तर वारा रजेवर.

मग साठवा की! साठवायची युक्ती आपल्याकडे आहे. घाटघरला 250 मेगावॉटचा प्रकल्प आहे: वीज जास्त असेल तेव्हा पाणी वर चढवा, टंचाई असेल तेव्हा खाली सोडा. कोयनेचं जलविद्युत केंद्रही मिनिटांत सुरू होतं, पण त्यासाठी पश्चिमेकडे वळवायचं पाणी वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी, एवढंच पाणीवाटप लवादाने ठरवून दिलेलं. एप्रिल-मेमध्ये तर थेंब मोजावे लागतात. घाटघरसारखे आणखी प्रकल्प हवेत, यावर सगळ्यांचं एकमत आहे, म्हणून करार होतात. करारांचं बरं असतं, ते पंपाशिवाय वर चढतात.

शेतीपंपाची गंमत तर अस्सल मराठी. दिवसा वीज शहराला, कारखान्याला. शेतकऱ्याला थ्री फेज बऱ्याचदा रात्री. जुन्नरकडे उसात बिबट्या, बांधावर साप, हातात बॅटरी. वर्षानुवर्षं मागणी एकच होती, दिवसा वीज द्या. दिवसा काय असतं? ऊन. हे दोन आणि दोन एकत्र करून सौर कृषी वाहिनी योजना यायला 2017 उजाडलं.

बरं, रात्री उठायला नको म्हणून शेतकऱ्याने काय केलं? मोटरीला ऑटो लावला. वीज आली की मोटर आपोआप सुरू. झकास! फक्त ऑटो सगळ्यांनीच लावला. वीज येते, एका डीपीवरच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरच्या, झाडून सगळ्या मोटरी एकाच क्षणी उठतात आणि डीपी बसते. मग ‘ऑटो काढा, कपॅसिटर बसवा’ असं आवाहन. मग ‘आधी थकबाकी भरा’. मग गावात वर्गणी, आणि जळालेली डीपी गावाच्याच ट्रॅक्टरमधून तालुक्याला. पिकाला पाणी नाही ते नाहीच.

या डीपीतली वीज कोळशाची होती की उन्हाची? विचारा त्या शेतकऱ्याला. ट्रॅक्टरच्या डिझेलचे पैसे आधी मागेल.

ढग आले तर सौर वाहिनीचं काय, असाही एक बिनतोड प्रश्न विचारला जातो. ढग आले तर पाऊस येईल, असं शेतकरी म्हणतो. तो तज्ज्ञ नसल्यामुळे चॅनेलवर बोलावत नाहीत.

शहरात वेगळीच मजा. अनुदान घेऊन गच्चीवर पॅनेल लावलं, बिल जवळजवळ शून्यावर आलं, पाहुण्यांना जिना चढवून दाखवून झालं. मे महिन्याच्या दुपारी वळवाचा वारा सुटतो, गल्लीतली वीज जाते. तासाभराने ऊन पुन्हा रणरणतं, पॅनेल तापून निघतंय आणि खाली पंखा बंद! बॅटरी नसेल तर ग्रिड गेल्यावर ही यंत्रणा स्वतःहून बंद होते. व्हायलाच हवी, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या गच्चीचा शॉक बसेल. पॅनेल विकणाऱ्याने हे सांगितलं होतं का? सांगितलं असेल, माहितीपत्रकाच्या मागच्या पानावर, बारीक टायपात.

वीज गेली का, तर तारेवर फांदी. फांदी का, तर छाटणी पावसाळ्यापूर्वी व्हायची असते, आणि यंदा पावसाळाच आधी आला. दरवर्षी तो आधीच येतो.

तक्रारीसाठी 1912 लावा. वाट पाहता पाहता जुनं बिल चाळा. त्यात स्थिर आकाराच्या शेजारी ‘वहन आकार’ म्हणून एक ओळ सापडेल. ते पैसे तारेवरून वीज वाहून आणल्याबद्दल. फांदी वाहून नेण्याचा आकार अजून वीज नियामक आयोगाकडे प्रलंबित असावा.