कायचं तिखट हो हे!

सेनगाव तालुक्यातल्या कोणत्याही पंगतीत एक तिखटबहाद्दर असतोच. खांद्यावर दस्ती, आणि मिरचीचं वतन आपल्याच घराण्याकडं असल्याचा रुबाब. पुण्यात शिकणारा भाचा त्याला काचेच्या दुकानात नेतो आणि 'मामा, नवीन आलंय, लई स्पायसी आहे' म्हणत चिकनचा बर्गर पुढ्यात ठेवतो. मामा लगेच खात नाही, आधी पंचनामा करतो. वरचा पाव उचलून आत डोकावतो, हिरवं पान बोटानं सारून 'हा पाला काहून?' असं विचारतो, मेयोनीजकडं संशयानं बघतो आणि पहिला घास गिळायच्या आत निकाल देतो : 'कायचं तिखट हो हे! आमच्याकडं लेकरं खातेत असं.' माझ्या मते या निकालाशी जिभेचा काही संबंध नसतो. तो सेनगावातून एसटी सुटतानाच तयार असतो.

पुरावा खुद्द मामाच्या तोंडावर असतो. तिसऱ्या घासाला नाकाचा शेंडा लाल होतो, पाचव्याला कपाळावर थेंब येतात आणि एसी चालू असताना 'उकडायलंय' म्हणत दस्ती फिरते. मिरचीतलं कॅप्सेसिन ही चव नव्हेच. चटका ओळखणाऱ्या मज्जातंतूंना ते फसवतं आणि शरीर भाजल्यासारखं घाम गाळू लागतं. कॅप्सेसिननं उघडणारं मज्जातंतूंवरचं हे दार शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ साली शोधलं, २०२१ साली त्यांना नोबेलही मिळालं. पक्ष्यांना मात्र कॅप्सेसिन झोंबतच नाही. म्हणजे न झोंबणं हाच पराक्रम असेल, तर मानकरी मामा नव्हे, पावात निजलेली कोंबडी.

कुणी म्हणेल, येसराच्या रश्शावर वाढलेल्या माणसाला सवय असते. असतेच, रोजच्या माऱ्यानं त्या मज्जातंतूंची धार बोथट होते, हे शास्त्रही मान्य करतं. पण ज्याला झोंबत नाही त्यानं गप खावं की! घरची म्हातारी खलबत्त्यात ठेचा कुटते, तोच रोज भाकरीवर घेते आणि त्याबद्दल आयुष्यात एक वाक्य बोलत नाही. दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे : बर्गर खरंच मिळमिळीत असेल तर? असू शकतो. मेयोनीजच्या तेलात कॅप्सेसिन विरघळतं, पाव उरलेली धार मोडतो, आणि ब्याडगीसारख्या मिरचीनं रंग लालभडक येतो पण जाळ बेताचाच राहतो. तरीही सुनावणीआधी दिलेला निकाल पुढं बरोबर ठरला, म्हणून न्यायाधीश शहाणा ठरत नाही.

मुळात भानगड मिरचीची नाहीच. त्या दुकानात पडद्यावर बोट लावून मागणी करायची, पैसे मोबाइलवरून द्यायचे, नंबर झळकला की ट्रे आणायचा. सगळ्यात भाचा थोरला आणि मामा धाकटा. वडीलकीचा एकच प्रांत उरतो, तो तिखटाचा. तोही पिढीजात म्हणावा तर पंचाईत, कारण मिरची पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात इकडं आली. तिच्या मानानं मामाचा हरभरा कितीतरी जुना. तरी मामाची कसोटी तिखटाचीच. पॉपाइज या फास्टफूड कंपनीनं ऑगस्ट २०१९ मध्ये अमेरिकेत आणलेलं चिकन सँडविच दोनेक आठवड्यांत संपलं, तेव्हा तिकडं वाद पेटला तो कोणत्या कंपनीचं जास्त चवदार यावर. मामाला हा वादच पोरकट वाटेल. चव काय, बायकापोरं बघतेत. माणसानं झोंबतंय का ते बघावं!

तेव्हा भाच्यांनो, मामाला नेणार असाल तर पाण्याची बाटली मागवू नका, पाण्यानं कॅप्सेसिन धुतलं जात नाही. ताक मागवा, त्यातलं केसीन ते धरून नेतं. आणि ते 'जेवणावर लागतंच' म्हणून मागवा, तिखटावर उतारा म्हणून नव्हे. नाहीतर मामा ग्लासाला हात लावणार नाही.