शीकांच्या दारातलं प्रकरण

अहो वहिनी, ऐकलंत का? जरा इकडे कुंपणाशी या ना. माझ्या नातवाच्या त्या झेल्डाच्या गेममधला, काकारिको गावातला डोरियन हो, गावच्या मुखिया इम्पाबाईंच्या दाराशी पहाऱ्याला असतो तो... अगं बाई, कसं सांगू! तो पूर्वाश्रमीचा यीगा निघाला, त्या मारेकऱ्यांच्या टोळीतला!

इम्पाबाईंच्या घरातला पिढीजात गोळा चोरीला गेला, त्यांची नात पाया बिचारी रडकुंडीला आली, आणि गाव चोर शोधतंय. रात्री आपला नायक लिंक हळूच डोरियनच्या मागं गेला, तर हा टेकडीवर यीगांच्या माणसाशी बोलतोय! घरातल्या बातम्या हाच पुरवत होता. नातवाच्या हातात कंट्रोलर तसाच राहिला, तोंड एवढंसं झालं. म्हणाला, "आजी, हा तर रोज दारातच उभा असायचा!"

आता यीगा म्हणजे कोण परके थोडेच? तेही इम्पाबाईंसारखे शीका कुळातलेच, भाऊबंदकी सगळी. दहा हजार वर्षांपूर्वी शीकांनी ती चार अजस्र यंत्रं केली, गार्डियन केले, तेव्हा कुठे तो दैत्य गॅनन आवरला. आणि राजानं काय करावं? यांच्याच हुशारीला घाबरून यांनाच देशोधडीला लावलं! गरज सरो, वैद्य मरो. काहींनी यंत्रं टाकून साधं राहणं पत्करलं, काही चिडून थेट गॅननलाच जाऊन मिळाले, तेच हे यीगा. कुळाचं चिन्हसुद्धा सोडलं नाही हो, तोच अश्रूवाला डोळा, फक्त उलटा केलेला. आणि एवढे मारेकरी, पण केळं दिसलं की पहारा सोडून धावतात!

इम्पाबाईंची थोरली बहीण पूरा माहितीये ना? वय कमी करायच्या प्रयोगात पार सहा वर्षांची पोर होऊन बसली. धाकटी सुरकुतलेली आणि थोरली फ्रॉकात... जाऊ दे.

तर काय सांगत होते... हां, गुपितं. या शीकांचं सगळं आतल्या आतच. 1998 च्या त्या ऑकारिना गेममध्ये तो शीक नव्हता का, पट्ट्या गुंडाळलेला, शीकांतला उरलेला म्हणवणारा? शेवटी राजकन्या झेल्डाच निघाली की! सात वर्षं वेषांतर. आणि यांचे ते डोळा कोरलेले दगड, सत्याचा मुखवटा घालून समोर उभं राहिलं की कुजबुजतात. एक दगड तर म्हणे राजकन्येलाच नावं ठेवतो, दिसते नाजूक, पण आहे पक्की टॉमबॉय! आम्हां बायकांनाच उगाच बदनाम करतात बघा.

पण डोरियनचं वाईट वाटतं हो. मुली झाल्यावर यीगांतून सुटायचं म्हणाला, तर त्या मेल्यांनी बायकोच मारली. वर मुलींच्या जिवाची भीती. थोरली कोको इवल्याशा हातांनी आईसारखा स्वयंपाक करते, आणि धाकटीला वाटतं, आई लपाछपी खेळतेय...

लिंकनं कुणाला सांगितलेलं नाही हं. तुम्हीही बोलू नका कुठे. मी फक्त समोरच्या काकूंना सांगितलंय. आणि दूधवाल्याला.