ड्रायव्हर हळकुंड

घर्षण म्हणजे काय, असं सातवीच्या वर्गाला विचारून बघा. सगळा वर्ग आरतीसारखी व्याख्या म्हणतो, शेवटचा शब्द लांबवून. मग विचारा, ‘गाडी पळायला घर्षण पाहिजे की नको?’ पुढच्या बाकावरून आवाज येतो ‘पाहिजे’, मागच्या बाकावरून ‘नको’, आणि मधल्या बाकांवरून, ‘सर, हे परीक्षेला हाय का?’

हा तिसरा आवाज बंद करायचा म्हणून मी पुस्तक मिटलं आणि गाड्या बनवायचा फतवा काढला. औंढा तालुक्यातलं आमचं गाव. इथे खेळण्यांचं दुकान म्हणजे जत्रेत चार दिवस लागतं ते. म्हणून फळ्यावर साहित्य लिहून दिलं: पाण्याच्या बाटल्यांची टोपणं, सायकलच्या चाकाच्या तारा, थंड पेयाच्या नळ्या, पुठ्ठा, रबरबँड, फुगे. दुसऱ्या दिवशी लग्नाच्या मांडवामागचा उकिरडा लख्ख झाला होता, आणि गावातल्या काही सायकली चालता चालता डुलायला लागल्या होत्या.

ही विद्या माझी नव्हे. या पंथाचे आद्य गुरू अरविंद गुप्ता. आयआयटी कानपूरमधून इंजिनिअर होऊन ते पुण्यात टेल्कोमध्ये ट्रक बनवायला लागले. 1978 साली रजा घेऊन मध्य प्रदेशात होशंगाबादकडे खेड्यातल्या पोरांना विज्ञान शिकवायच्या उपक्रमात गेले, आणि पुढे खऱ्या ट्रकांत त्यांचं मन रमलं नाही ते नाहीच. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे जोडून त्यांनी भूमिती उभी केली, भंगारातून खेळणी केली आणि पुण्यात आयुका या खगोलविज्ञानाच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत बसून ती देशभरच्या पोरांपर्यंत पोचवली. 2018 मध्ये पद्मश्री मिळाली. ट्रक सोडून काडेपेटीकडे गेलेल्या माणसाची ही गोष्ट मी पारावर सांगितली, तेव्हा पहिला प्रश्न आला, ‘काहून? काढून टाकलं होतं का?’

तर गाड्या तयार झाल्या. दिसायला सुरेख, एकीवर तर ‘आईचा आशीर्वाद’सुद्धा लिहिलेलं. परीक्षेला वापरायचा पॅड दोन विटांवर टेकवून उतार केला आणि पहिली गाडी सोडली. ती हळूच वळली आणि माझ्या चपलेखाली येऊन थांबली. दुसरी उड्या मारत उतरली. तिसरी उतरलीच नाही.

‘सर, मही गाडी लंगडायली.’

लंगडणारच. टोपणाला भोक पाडलं होतं कर्कटकानं, डोळ्याच्या अंदाजानं. ते मध्यावर कुठलं असायला? चाक एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी, म्हणजे गाडी प्रत्येक फेऱ्यात एकदा उठून एकदा बसणार. मी मोठ्या ऐटीत फळ्याकडे वळलो. वर्तुळाचा केंद्रबिंदू कसा काढायचा: दोन जीवा घ्या, त्यांचे लंबदुभाजक काढा. दुसरा लंबदुभाजक अर्धा व्हायच्या आत मागून एक पोरगी म्हणाली, ‘सर, टोपणावर आधीच टिंब हाय की.’

खरंच होतं. टोपण साच्यात ओततात तेव्हा वितळलेलं प्लास्टिक जिथून आत शिरतं, तिथे बारीकसा वण राहतो, आणि पुष्कळ टोपणांवर तो बरोबर मध्यावर असतो. नखानं चाचपला तर लागतो. आयुष्यभर टोपणं फिरवून पाणी प्यायलो, पण युक्लिडचं काम कारखान्यानं आधीच करून ठेवलंय हे दिसायला पोरीचं नख लागलं. लंबदुभाजक पुसून टाकला.

तरीही एक चाक हटून बसलं. आता चाक फिरत नाही ही तक्रार औंढ्याच्या परिसरात करणं म्हणजे जरा लाजिरवाणंच. नरसीच्या नामदेवांना देवळासमोर कीर्तन करू दिलं नाही, ते मागे जाऊन बसले, तर अख्खं नागनाथाचं देऊळ त्यांच्याकडे तोंड करून फिरलं, अशी कथा आमच्याकडे शाळेत जायच्या आधीच कानावर पडते. मी सहज म्हणालो, ‘इथं देऊळ फिरलं रे, तुमचं टोपण फिरंना?’ वर्ग हसला. एकटा गंभीर राहिला. ‘सर, देवळाला आख कुठून घातला असंल?’ भक्ती आणि भौतिकशास्त्र यांच्यामध्ये पाय घालायचा नाही हे मी नोकरीत फार लवकर शिकलोय. मधली सुट्टी जाहीर केली.

आखाचा निकाल मात्र त्या टिंबवाल्या पोरीच्या आजोबांनी लावला. ते नातीचा डबा घेऊन आले होते. त्यांनी गाडी हातात घेतली, चाक बोटानं टिचकवलं, कानाशी नेलं आणि म्हणाले, ‘आख नळीला चिटकायलाय. वंगण कुठंय?’ बैलगाडी हाकण्यात त्यांची हयात गेली. तुंबा, आरे, धाव, आख या सगळ्यांची त्यांनी पोरांना अशी ओळख करून दिली की जणू सोयरिकीच सांगत होते. गाडीखाली वंगणाचं नळकांडं टांगलेलं असायचं, आणि आख करकरायला लागला की आधी उतरून वंगण द्यायचं, मग बैलाला शिव्या.

मी संधी साधली. ‘म्हणजे आजोबा, घर्षण वाईटच ना?’

‘वाईट कसं? बैलाच्या खुराला वंगण लावून बघा की.’

वर्ग गप्प झाला. मीही झालो. पुस्तकात या मुद्द्याला दीड पान लागतं. बैलाच्या खुराला पत्री ठोकतात ती कशासाठी, डांबरी रस्त्यावर बैल का घसरतो, काळ्या मातीत पावसानंतर गाडी का रुतते, हे त्यांनी एका दमात सांगितलं. आखात घासणं नको, जमिनीवर घासणं पाहिजे. पुढच्या बाकाचं आणि मागच्या बाकाचं, दोघांचंही उत्तर बरोबर होतं. प्रत्येक जण गाडीच्या वेगळ्या जागी बोट ठेवून बसला होता, एवढंच.

याचा पडताळा त्याच दुपारी आला. एका पोरानं मागच्या आखाला रबरबँडचा पीळ दिला. पीळ जितका जास्त, तितकी त्यात साठवलेली ऊर्जा जास्त, हे त्याला माझ्यामुळे कळलं; म्हणून त्यानं तुटायच्या बेताला येईतोवर पीळ दिला. गाडी जमिनीवर ठेवून सोडली तर चाकं भिंगरीसारखी गरगरली आणि गाडी जागची हलली नाही. गुळगुळीत टोपण, गुळगुळीत फरशी. सगळी ऊर्जा वाया. ‘खुराला पत्री ठोक,’ कुणीतरी ओरडलं. फुटक्या फुग्याच्या तोंडाची रबरी कडी कापून टोपणावर चढवली. गाडी सुटली ती थेट शेजारच्या वर्गात. तिथे मराठीचा तास चालू होता. त्या तासाचं काय झालं ते मॅडमनीच सांगावं.

फुग्याच्या गाडीनं मला खरा घाम फोडला. फुगा फुगवून नळीतून हवा मागे सोडली की गाडी पुढे पळते. न्यूटनचा तिसरा नियम, क्रिया आणि प्रतिक्रिया. हे सांगून मोकळं होता येतं. पण मी आगाऊपणानं उदाहरण दिलं. बंद पडलेल्या बसला धक्का मारायला कंडक्टर सगळ्यांना खाली का उतरवतो? आत बसून पुढच्या सीटला कितीही रेटा दिला तरी बस ढिम्म राहते. पुढची सीट हातानं पुढे ढकलताना आपली पाठ आपलीच सीट तेवढ्याच जोरानं मागे ढकलत असते. हिशेब घरच्या घरी मिटतो. खाली उतरून जमिनीला पाय रोवले तरच बस हलते.

‘मंग फुग्यातली हवा पाय कुठं रोवते?’

प्रश्न मागच्या बाकावरून आला होता. मागच्या बाकावर आपल्याकडे नेहमी काहीतरी चांगलं असतं, पण आपण तिथे खडू फेकण्यापलीकडे जात नाही. मी सांगितलं, हवेला पाय रोवावे लागत नाहीत. फुगा हवेला मागे फेकतो, ती फेकली जाणारी हवाच फुग्याला पुढे ढकलते. अवकाशात जमीन नाही, वारा नाही, तरी रॉकेट जातं ते असंच. त्यानं थोडा विचार केला.

‘म्हणजे बसमधून मागच्या खिडकीतून माणसं बाहेर फेकली तर बस पुढं जाईल.’

जाईल. तत्त्वतः शंभर टक्के जाईल. मी एवढंच म्हणालो की ही गोष्ट गावातल्या कुठल्याही कंडक्टरच्या कानावर जाता कामा नये.

यानंतर शर्यत. गॅलिलिओनं सरळ पडणारी वस्तू फार वेगात जाते म्हणून उतारावरून गोळे सोडले, आणि वेळ मोजायला भांड्यातून गळणारं पाणी तोललं. 1638 मध्ये छापून आलेल्या त्याच्या ग्रंथात हे सगळं आहे. आमच्याकडे मोबाइलचं घड्याळ होतं, पण बटण कुणी दाबायचं यावरून मारामारी झाली, म्हणून अंतर फरश्यांत मोजायचं ठरलं. जास्त फरश्या, तो पहिला.

प्रत्येक गाडीला एक ड्रायव्हर हवा, अशी पोरांची अट होती. हिंगोली जिल्ह्यात ड्रायव्हरला काय तोटा? वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालंय, घराघरांत हळकुंडं आहेत. ड्रायव्हर हळकुंड पुठ्ठ्यावर आरामात बसला आणि गाडी उतारावरून विटेवर जाऊन आदळली. गाडी थांबली, ड्रायव्हर थांबला नाही, तो तीन फरश्या पुढे जाऊन पडला. जडत्वाची व्याख्या त्या दिवशी कुणी म्हटली नाही. एका मुलीनं मात्र घरी जाऊन बापाला हेल्मेट घालायला लावलं. बापानं ‘मास्तरनं पोरीला बिघडवलं’ असा निरोप पाठवला.

सगळ्यात शेवटी दुधाळ्याचा विषय निघालाच. औंढ्याजवळच्या दुधाळ्याला गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडियाची प्रयोगशाळा उभी राहतेय हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. एप्रिल 2023 मध्ये केंद्रानं 2600 कोटी रुपये मंजूर केले. त्यात पुण्याची आयुकाही आहे. म्हणजे टोपणाच्या गाड्या आणि गुरुत्वीय लहरी, दोन्हींचा पत्ता एकच. काटकोनात दोन लांबलचक बाहू, प्रत्येक 4 किलोमीटरचा, आत निर्वात पोकळी, त्यातून लेझरचा किरण जाऊन आरशावर आपटून परत येणार. कोट्यवधी वर्षांपूर्वी दूर कुठे दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली तर त्या धक्क्यानं उठलेल्या लहरींनी बाहूंची लांबी प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहूनही कमी बदलते, आणि तेवढं या यंत्राला कळतं. अमेरिकेतल्या अशाच यंत्रांनी 14 सप्टेंबर 2015 ला पहिल्यांदा ते पकडलं. म्हणून तर जमिनीची बारीकशी थरथरही यंत्रापर्यंत पोचू नये यासाठी एवढा आटापिटा.

आजोबा डबा परत न्यायला थांबले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

‘आरसे कशावर फिरत्यात?’

‘फिरत नाहीत. टांगलेले असतात. एकेक 40 किलोचा, काचेच्या बारीक तंतूंवर.’

‘टांगलेत ना? मंग वंगणाचं काम नाही,’ ते म्हणाले आणि त्यांनी तो विषय मिटवला. मग फरशीवर विटेला धडकणाऱ्या गाड्यांकडे बघत त्यांनी विचारलं, ‘पण मास्तर, एवढं नाजूक यंत्र. ह्या पोरायच्या धडकाधडकीचं त्याला काही होणार नाही ना?’

मी म्हणालो, ‘नाही, दुधाळा इथून लांब पडतं.’

नातीनं लगेच रबरबँडला आणखी दोन पीळ दिले.