पाषाणला किती?

ज्या झाडाच्या जगण्याची खात्री नसते, ते पुण्यातल्या नर्सरीत सगळ्यात पुढे मांडलेलं असतं. तगर, कण्हेर, अडुळसा मागे कुंपणापाशी, कारण त्यांची काळजी कोणीच करत नाही, ते स्वतःसुद्धा. पुढे हिरव्या जाळीखाली, नुकतंच पाणी मारलेलं, लालभडक देठांचं जे झाड उभं असतं तो सीलिंग वॅक्स पाम. नर्सरीवाले त्याला रेड पाम म्हणतात, कोणी लिपस्टिक पाम. खोडाला लपेटलेला देठाचा भाग असा लाल आणि तुकतुकीत, की आत्ताच कोणीतरी ऑइलपेंटचा हात मारून गेलंय असं वाटावं. बोट लावून मग ते बोट निरखणारी गिऱ्हाइकं मी पाहिली आहेत.

आमचं झाड आंध्रातल्या कडियमहून ट्रकने आलेलं. राजमहेंद्रीजवळचं हे गाव म्हणजे नर्सऱ्यांचं माहेरघर. गोदावरीकाठच्या त्या दमट हवेतून झाड थेट आपल्यासमोर येतं आणि विकत घेतो त्या आठवड्यात त्याच्या आयुष्यातलं सर्वात देखणं दिसतं.

“ऊन चालतं?”

“चालतं.”

“सावली?”

“चालतं.”

“आणि थंडी?”

“काका, पुण्यात आता थंडी राहिलीय कुठे?”

हे वाक्य आपणच चार ठिकाणी बोलत असतो, त्यामुळे पुढे वाद घालायची सोय उरत नाही.

थंडी असते. हा पाम मूळचा मलाया, सुमात्रा, बोर्निओकडच्या दलदलीतला. सिंगापूरच्या बोटॅनिक गार्डनने तो आपल्या बोधचिन्हावर घेतला आहे. तिथे रात्री पारा विशीखाली उतरला तर ती बातमी होते. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर. जानेवारीतली पहाट दहा अंशांच्या आसपास, कधी त्याहूनही खाली. जानेवारी १९३५ मध्ये तर पारा १.७ वर गेला होता. ही नोंद मला पाठ आहे. झाड येण्यापूर्वी नव्हती.

डिसेंबरपासून आमच्याकडे पेपर आला की आधी तापमानाची चौकट वाचली जाते. शिवाजीनगर, लोहगाव, पाषाण, एनडीए, मगरपट्टा. एकाच शहरात पाच-सहा अंशांचा फरक पडतो हे पुण्यात जन्म काढूनही कधी जाणवलं नव्हतं. आम्ही पाषाणकडचे, म्हणजे गारठ्याच्या बाजूचे. मगरपट्ट्यातल्या मेव्हण्याकडे रात्री उबदार असतं, ही गोष्ट त्याचा फ्लॅट पाहताना मनात आली नव्हती ती आता येते. “पाषाणला किती?” असं आतून विचारणाऱ्या बायकोला पाषाणशी देणंघेणं नसतं. आज कुंडी रात्री न्हाणीघरात न्यायची की नाही, एवढाच तिचा प्रश्न. गीझरच्या वाफेत झाडाला जरा मायदेशी गेल्यासारखं वाटत असावं.

पाम चाफ्यासारखा नाही. देवळातला चाफाही परदेशीच, अमेरिका खंडातून आलेला. पण थंडीत पानं टाकून देतो, नुसत्या फांद्यांनी उभा राहतो आणि उन्हाळ्यात फुलतो. पामाला असा संन्यास जमत नाही. एका खोडाला वाढीचा एकच कोंब. तो गारठून मेला की ते खोड संपलं. म्हणून त्या कोंबावर स्केचपेनने रेघ मारायची आणि शेजारच्या देठाशी ती किती वर सरकली ते पाहायचं. थंडीत ती रेघ आहे तिथेच असते. तरी रोज पाहायची.

एप्रिलची तऱ्हा वेगळी. ऊब हवी तेवढी, पण दुपारची हवा पापडासाठी उत्तम. पानांची टोकं तपकिरी होतात. ती कात्रीने तिरकी, निमुळती कापायची, म्हणजे पान तसंच उगवलंय असं वाटतं. त्यात उन्हाळ्यात सोसायटीला बोअरचं पाणी येतं. त्यातल्या क्षारांचा पांढरा थर कुंडीच्या कडेला दिसतो आणि दलदलीतल्या आंबूस पाण्याच्या या झाडाला तो अजिबात मानवत नाही. मग पावसाचं पाणी कॅनमध्ये साठवून ठेवणं आलं. उन्हाळ्यात कुंडी पाण्याने भरलेल्या टबात ठेवली की झाड खूश. पण डासही खूश. डेंग्यूच्या तपासणीला आलेल्या महापालिकेच्या बाई टबात वाकून म्हणाल्या, “हे काय?” पाम दलदलीतला आहे वगैरे मी सांगत होतो, तोवर त्यांनी वही उघडली होती. शेवटी गप्पी मासे सोडायचं ठरलं. पामासाठी पाणी, पाण्यासाठी मासे. थंडीत कुंडी ओली राहिली तर मुळं कुजतात, म्हणून दिवाळीनंतर टब रिकामा करायचा आणि माशांना बादलीत हलवायचं.

जून ते सप्टेंबर मात्र आमच्या गॅलरीत सिंगापूर असतं. रेघ सरसर वर जाते, नवं पान उलगडतं, बुडाशी एखादं पिल्लू डोकावतं. शेजारचे काका अशा वेळी कठड्याशी येऊन पाहत राहतात. एरवी त्यांचा सल्ला ठरलेला: “जास्वंद लावा, निदान गणपतीला फूल तरी मिळेल.” पावसाळ्यात ते तो सल्ला देत नाहीत, गेल्या खेपेस तर पिल्लू कधी वेगळं करता येतं, असं आडून विचारत होते.

येणारे-जाणारे झाडाची चौकशी करतात. नेमकं काय सांगावं याचा मी विचार करत असतो, तेवढ्यात बायको आतून सांगते, “मासे मस्त आहेत. हवेत का?”