डोनर घाटात कोयना धरण

प्रियस सी ही हायब्रिड गाडी घेतली की येणारा-जाणारा एकच प्रश्न विचारतो : "रात्री चार्जिंगला लावता का?" नाही. हिला प्लगच नाही. ही पेट्रोल पिते आणि ब्रेक दाबला की स्वतःची वीज स्वतः करते. इतकी वर्षं हे सांगून सांगून माझं उत्तर पाठ झालंय आणि विचारणाऱ्याचा अविश्वासही.

आमची 2012 सालची, दीड लिटर इंजिनाची. एवढा संसार केल्यावर गाडीपेक्षा मालकच जास्त बदलतो. समोरच्या पडद्यावर मैल-गॅलनचा आकडा सतत हलत असतो आणि माझा रक्तदाब त्याच्या उलट्या दिशेनं. सिग्नल हिरवा झाला तरी मी अंडी वाहून नेत असल्यासारखा निघतो. मागचे भोंगे वाजवतात. वाजवोत. कॅलिफोर्नियात जन्माला येऊनही काटकसर न शिकलेले लोक! गाडीखालच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधल्या पॅलेडियम-ऱ्होडियमसाठी चोर रात्री तो कापून नेतात, म्हणून मी खालून पत्र्याची ढालही ठोकून घेतली आहे. तिच्या वजनानं मायलेज किती घसरलं असेल, हा विचार मला झोपू देत नाही.

तर अशा गाडीतून आईबाबांना घेऊन फ्रीमाँटहून लेक टाहोला निघालो. बाबा वीज मंडळातून निवृत्त झालेले. उमेदीची वर्षं कोयनेच्या वीजघरात गेलेली.

"बॅटरी किती युनिटची?" त्यांनी पट्टा लावता लावता विचारलं.

"एका युनिटलाही थोडी कमी."

"म्हणजे घरातली इस्त्री तासभर!" बाबांनी गाडीकडे, मग माझ्याकडे, हुंडा कमी मिळाल्यासारखं पाहिलं.

पहिल्याच सिग्नलला इंजिन गप्प झालं. "बंद पडली," आई म्हणाली. दुसऱ्या सिग्नललाही म्हणाली. सॅक्रामेंटोपर्यंत म्हणत होती. बाबांना वेगळाच घोर लागला होता. नवी असताना या गाडीला कंपनीचा अधिकृत आकडा शहरात 53 आणि हायवेवर 46 होता. "मोकळ्या रस्त्यावर कमी आणि गर्दीत जास्त? हिला पुण्यात लक्ष्मी रोडला न्यायला हवी."

सॅक्रामेंटो जवळजवळ समुद्रसपाटीला आणि पुढे वाटेतल्या डोनर घाटाचा माथा 7,239 फुटांवर. चढावर ती इस्त्रीभर वीज संपली आणि इंजिन एकटंच ओरडायला लागलं. ट्रकांच्या मागे उजव्या लेनमधून आम्ही वर सरकत होतो. वेळ घालवायला मी डोनर मंडळींची गोष्ट सांगितली : 1846 च्या हिवाळ्यात इथे बर्फात अडकलेला वसाहतवाल्यांचा तांडा, संपलेलं अन्न, आणि मग मेलेल्या सोबत्यांचं मांस खायची काहींवर आलेली पाळी. मागे बराच वेळ शांतता. मग डब्याचं झाकण वाजलं. "म्हणून मी म्हणते, प्रवासात दशम्या जास्तच घ्याव्यात," आई म्हणाली आणि पुढच्या सीटवर दोन सरकवल्या.

टाहो सुंदर आहे. पाणी इतकं नितळ की बाबांनी ताबडतोब "किती टीएमसी?" विचारलं. फोटो काढले, निघालो.

परतताना गारठा वाढला. आईनं हीटर मागितला. हीटरला ऊब इंजिनाच्या गरम पाण्यातून मिळते, म्हणजे इंजिन चालू, म्हणजे आकडा खाली. मी म्हटलं, "आई, शाल घे ना." तिनं शाल घेतली, पायांवरून सीटभर पसरली आणि सीटच्या कडेची जाळी झाकली.

"ती जाळी मोकळी ठेव. तिथून बॅटरीला वारा जातो."

"बॅटरीला वारा आणि मला हुडहुडी! कुणाचा मुलगा आहेस रे तू?"

माथा ओलांडून उतार लागला आणि बाबांचा चेहरा उजळला. ब्रेकवर पाय, पडद्यावर बाण चाकाकडून बॅटरीकडे. "अरे, ही तर कोयना! वरून खाली आलं की वीज." बॅटरीची एकेक पट्टी भरताना ते पोफळीच्या वीजघरात ड्यूटीवर असल्यासारखे आकडे पुकारू लागले. मग ती काठोकाठ भरली, आणि अचानक इंजिन गुरगुरायला लागलं.

"पेट्रोल पितंय! उतारावर!"

"नाही बाबा, थेंबही नाही. साठवायला जागा नाही, म्हणून जादा वीज इंजिन नुसतं फिरवण्यात घालवतेय."

"घालवतेय?" बाबांच्या आवाजात सगळ्या निवृत्त अभियंत्यांचं दुःख होतं. "वीज? वाया?" कोलफॅक्सपर्यंत त्यांनी हे सोसलं. मग पुढे वाकून पॅनलवरची बटणं निरखली. "हा एसी विजेवर चालतो ना?"

"हो, पण..."

"धरण भरलं की दरवाजे उघडायचे." आणि त्यांनी एसी शेवटच्या आकड्यावर नेला.

थंड झोत थेट मागच्या सीटवर. आईनं शाल डोक्यावरून ओढली आणि आतून म्हणाली, "अहो, पाणी सोडायच्या आधी खालच्या गावांना भोंगा तरी द्यायचा!"