टप नसलेल्या गाडीचं कॅरिअर

लोक गाडीला कॅरिअर बसवतात ते सामान फार झालं म्हणून. आमच्या भाऊजींनी बसवलं, कारण ताईने चारचौघांत विचारलं, "तुमच्या त्या डबड्यात माझी एक पेटी तरी मावते का?" ताईच्या धाकट्या नणंदेचं सासर सिंदखेडराजाचं. तिच्याकडच्या लग्नाला खामगावहून निघायचं होतं. सोबत पत्र्याची पेटी, कुरडया-पापडांचे डबे, तूरडाळीचा कट्टा आणि "तिकडे गाद्या कमी पडल्या तर" म्हणून वळकट्या. डबडं म्हणजे भाऊजींची जीप. तिच्या मागच्या दोन बाकांवर माणसं बसली की पायाशी फक्त चपला मावतात.

जीप जुन्या विलीज नमुन्याची, उंच बॉनेटची. पुढच्या आणि मागच्या चाकांत अंतर जेमतेम ८० इंच. चासी एकीची, डिझेल इंजिन दुसरीचं, आणि दारं कुणाचीच नाहीत. साहेबाच्या देशात हौशी लोक सुट्या भागांचा संच विकत आणून घरच्या गॅरेजमध्ये गाडी जोडतात आणि त्याला छंद म्हणतात. आपल्याकडे तो छंद नव्हता, उद्योगधंदा होता. १९२८ साली जनरल मोटर्सने शिवडीत कारखाना काढला तो परदेशातून आलेले भाग जोडायला. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरने कुर्ल्यात डॉज-प्लायमाउथ जोडल्या, त्याही अशाच खोक्यांतून काढून. महिंद्रांनी माझगावात विलीज जीप जुळवायला घेतली तीही सुट्या भागांतूनच. पुढे हरियाणात मंडी डबवालीला तर जुन्या लष्करी जिपांच्या अवशेषांतून नवी जीप उभी करणारा बाजारच भरभराटला. तेव्हा ही गाडी पूर्ण झाली, असं आजवर कुणीही ठामपणे म्हटलेलं नाही. दिसेल तो वेल्डर तिला कारखान्याचं राहिलेलं काम समजतो.

खामगावच्या वेल्डरने जिपेला एक प्रदक्षिणा घातली. मग दुसरी, उलटी.

"कॅरिअर बसते भाऊ. कायले नाही बसत? पन कशावर बसवू ते सांगा. याले टपच नाही."

खरंच नव्हता. वर वाकवलेल्या पाइपांवर ताणलेलं कॅनव्हासचं हूड, त्यावर कावळा बसला तरी झोळ पडायचा. पुढच्या काचेवर भार द्यावा, तर ती काच बिजागऱ्यांवर उभी आणि मनात आलं की बॉनेटवर लोळणारी. मागे लटकवावं, तर फाळका उघडायचा नाही. शिवाय मागच्या चाकांच्याही मागे वजन टांगलं की पुढची चाकं हलकी होतात. मग चढावर स्टिअरिंग कसं लोण्यासारखं फिरतं. फक्त गाडी वळत नाही. बाजूला सोय करावी, तर उजव्या कुशीला स्टेपनी आणि डाव्या कुशीला भाऊजींचा कॅन, ज्यात काय असतं ते ताईला माहीत नाही.

शेवटी वेल्डरने फरशीवर खडूने नकाशा काढला. बॉडीच्या चार कोपऱ्यांतून चार पाय वर न्यायचे, हुडाला न शिवता त्यावर चौकट ठेवायची, खालून पट्ट्या मारायच्या. भाऊजींनी एक इंची चौकोनी पाइप आणले होते, सोळा गेजचे. वेल्डरने त्यातला एक दोन बोटांत धरून वाजवला.

"हे पडद्याले लावतात."

त्याला हवा होता ३५-५ चा अँगल. पाइप फुटाला साडेतीनशे ग्रॅम, अँगल फुटाला आठशे. चौकटीला साठ फूट माल लागणार, म्हणजे एकवीस किलोच्या जागी अठ्ठेचाळीस. तेही एकही पेटी न चढवता. एवढं वजन डोक्यावर घेतलेली आखूड जीप वळणावर काय करेल, असा प्रश्न मी विचारला. दोघांनीही मला चहा आणायला पाठवलं.

परतलो तेव्हा अँगल जिंकला होता. बॅटरीची तार सोडलेली होती, होल्डरमध्ये रॉड होता, ठिणग्या उडत होत्या. या जिपेची डिझेलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. वेल्डरने तिच्यावर ओलं पोतं टाकलं होतं आणि पोत्यावर भाऊजी बसले होते. "उठा ना," म्हटलं, तर म्हणाले, "इथूनच लेव्हल बरोबर दिसते." एका बाबतीत मात्र ते ठाम राहिले. कॅरिअर बॉडीला जोडायचं ते नट-बोल्टने, डाग द्यायचा नाही. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम गाडीत मनमानी फेरफार करू देत नाही, आणि बोल्टचं असलं तर कुणी साहेब आडवा आला की काढून दाखवता येईल, हा त्यांचा बचाव. ज्या गाडीचं इंजिन दुसऱ्या गाडीचं आहे, तिच्या मालकाला कॅरिअरपाशी कायदा आठवावा, याचं मला कौतुक वाटलं.

सामान चढवणं हा खामगावचा जुना मान. इथल्या कापसासाठी १८७० साली जलंबपासून १३ किलोमीटरचा लोहमार्ग टाकला आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. आमच्या पेटीला गल्ली आली. प्रत्येकाने दोरीची एक गाठ मारली आणि आधीच्याची सोडली. शेवटी कोपऱ्यावरच्या आजोबांनी सगळ्यांना बाजूला केलं. बैलगाडीत कापसाचे बोंद्रे आवळण्यात त्यांचं तारुण्य गेलेलं. दोरीचा फास उलटा पिळून, त्यात काठीचा तुकडा घालून त्यांनी अशी पीळगाठ मारली की डब्यातला एक पापड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

खामगावहून बुलढाण्याला बोथ्याच्या जंगलातून निघालो. हे ज्ञानगंगा अभयारण्य. २०१९ साली टिपेश्वरहून निघालेला एक तरणा वाघ जवळजवळ १३०० किलोमीटर चालून इथे पोचला होता. सोबत सामान काय, तर गळ्यातला रेडिओ पट्टा, तोही दुसऱ्यांनी बांधलेला. ही हकीकत भाऊजी सांगत असतानाच कॅरिअर बोलू लागलं. आधी सपाटीवर गुणगुण, मग खड्ड्यात खडखड, मग चढाच्या वळणावर अख्खी चौकट डावीकडे झुकून "कर्र" करायची आणि वळण संपल्यावर निवांत परत यायची. ताईने शिवलीलामृताची पोथी पेटीत ठेवली होती, म्हणजे तीही वरच.

बुलढाण्यात दुसरा वेल्डर. वेल्डरचा पहिला प्रश्न जगात सगळीकडे एकच असावा.

"कोनं केलं हे?"

भाऊजींनी खामगावचं नाव घेतल्यावर तो गालातल्या गालात हसला, शेजारच्या टायरवाल्यालाही बोलावून हसायला लावलं आणि कामाला लागला. पायांमध्ये तिरक्या कैच्या मारल्या, त्यासाठी आणखी अँगल. तिरकी पट्टी पडली की चौकट डोलत नाही, हे त्याचं म्हणणं अगदी शास्त्रशुद्ध होतं आणि डोलणं थांबलंही. पण भाऊजी पान खायला गेलेले असताना त्याने सगळ्या नटांवर एकेक डाग देऊन टाकला. "आता हालत नाही बावा. गाडी मोडन, पन हे नाही मोडनार." ५२वं कलम बुलढाण्यातच राहिलं. कैच्यांमुळे हूडही आता दुमडत नव्हतं. उघडी जीप कायमची झाकली गेली.

चिखलीत गल्लीभर लावलेल्या पताकांची एक माळ वरच्या पेटीने अलगद उचलली. ती सोडवत बसायला भाऊजींना वेळ नव्हता. पताका फडफडवत आम्ही देऊळगावराजाच्या रस्त्याला लागलो, आणि खरा घोटाळा तिथून सुरू झाला. भरलेलं कॅरिअर पाहून रस्त्यावरची माणसं हात दाखवू लागली. पताकांमुळे काहींना आम्ही दिंडीचेही वाटलो. एका थांब्यावर भाऊजींनी नुसता गिअर बदलायला वेग कमी केला, तेवढ्यात एक पागोटेवाले बाबा मागच्या फाळक्यावर पाय देऊन थेट वर. खाली उतरा म्हटलं तर वरून उत्तर आलं, "बसू द्या, हवा चांगली हाय. किती घ्याल?"

भाऊजींनी उतारू घेतल्याचं नाकारलं, पण दहा रुपये नाकारले नाहीत.

देऊळगावराजाच्या चौकात जीप थांबली. एक वाट सिंदखेडराजाला, एक जालन्याला. बाबा उतरले, अँगलवरून हात फिरवला, डाग नखाने खरवडून पाहिले.

"कोणी केलं हे?" त्यांनी विचारलं. "जालन्याला न्या. तिथं लोखंडाच्या रोलिंग मिला हायत. हे सगळं कापून अर्ध्या वजनात करून देतील."

भाऊजींनी ताईकडे न बघता जालन्याच्या बाजूचा इंडिकेटर लावला. ताईने पुढे वाकून तो बंद केला, आणि "माझी पेटी उतरवा, मी एसटीने जाते" म्हणून खाली उतरली. पण आजोबांची पीळगाठ काही केल्या सुटेना.